पिंपामागची जागा

ते साल १९८५. त्या जानेवारीत आमच्या गावचा कालवा असा गोठला होता की माणसं पलीकडच्या गावात पाव आणायला बर्फावरून चालत जात. आता माझ्या वयात सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळपर्यंत आठवत नाही, पण त्या हिवाळ्यातलं सगळं आठवतं. घरभर पसरलेली पहिली ऊब आठवते, सरपणाचा वास आठवतो, आणि मागोमाग राग येतो. चाळीस वर्षं झाली, तो काही विटला नाही.

त्याआधी आमच्या घरात एकच शेगडी होती, स्वयंपाकघरात. नोव्हेंबर ते मार्च आम्ही सगळे त्या एका खोलीत राहायचो. जेवण तिथेच, आंघोळ तिथेच, भांडणंही तिथेच. बाकीच्या खोल्यांत रात्री भांड्यातलं पाणी गोठायचं. माझा नवरा स्वेतोझार, म्हणजे स्वेता, साखर कारखान्यात होता. जवळच्या एका गावात जुनी शाळा पाडत होते, तिथले रेडिएटर त्याने उचलून आणले. जाडजूड बिडाचे, वर वेलबुट्टी उठवलेली. दिसायला राजवाड्यातले. मी ते अंगणात आडवे घालून पाइपने धुतले. आतून काजळी कालवल्यासारखा काळा चिखल निघाला. धुवावं तेवढा निघत राहिला. शेवटी हात टेकले आणि ‘राहू दे’ म्हटलं.

बॉयलर आणायला आम्ही दोघं शहरात, सोम्बोरला गेलो. दुकानात इलोन्का नावाची विक्रेती होती, अंगात पुरुषी कोट आणि आवाज फौजदाराचा. तिने विचारलं, “रेडिएटर नवे की जुने?”

“जुने,” मी म्हटलं. “शाळेतले.”

“म्हणजे पोटात चिखल. मग ही घ्या.” तिने फळीवरून मुठीएवढी पितळी गाळणी काढली. तिला खाली तिरपं पोट, पोटात बारीक जाळी, अंगावर बाण कोरलेला. “नीट ऐका. ही गरम नळावर लावायची नाही. घरभर फिरून, थंड होऊन पाणी परत येतं ना, त्या खालच्या नळावर लावायची. पंपाच्या आधी. बाण बॉयलरकडे, पोट जमिनीकडे. दोन्ही अंगांना एकेक तोटी, म्हणजे जाळी धुताना अख्ख्या घराचं पाणी सोडावं लागत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण पुरुष ऐकत नाहीत.”

स्वेता तेव्हा बाहेर गाडीला दोर आवळत होता. त्याने ऐकलं नाही. मी ऐकलं.

नळ जोडायला राडिवोय येणार हे ठरलेलंच होतं. तो आमचा कूम. आमच्या लग्नात आमच्यामागे उभा राहिलेला, आमच्या मुलीचं नाव ठेवलेला. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोर्टात जाता येतं. कूमाला उलटून बोलत नाहीत. मी त्याला कूम म्हणायचे, तो मला कूमा. तो रेल्वेच्या कारखान्यात इंजिनांचे नळ जोडायचा. त्याला सोडून दुसऱ्याला बोलावलं असतं तर त्याच्या थोबाडीत मारल्यासारखं झालं असतं.

मला मात्र एकच काळजी होती, माझ्या वडिलांची. ग्लिगोरिये त्यांचं नाव. आदल्या वसंतात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक, म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. सासूबाई, अँजेलिना त्यांचं नाव, नाही म्हणाल्या नाहीत. पण ‘हो’ म्हणताना ओठ असे मिटले की जणू आत टाचण्या धरल्यात. मागच्या पडवीत बॉयलर बसणार होता. पडवीला लागून एक लहानशी खोली होती, सगळ्यांत उबदार होणारी. ती बाबांना दिली. त्यांची उशी आणि बॉयलर यांच्यामध्ये एक विटेची भिंत, बस्स.

आता पिंपाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. परतीचा नळ कोठीच्या खोलीतून, जमिनीलगत येऊन भिंतीतून पडवीत शिरत होता. पडवीत बॉयलर आणि पंप यांनीच सगळी जागा खाल्ली होती. गाळणी बसायला नळाचा सरळ तुकडा उरला तो कोठीत, आणि त्यापुढे सासूबाईंचं कोबीचं पिंप. ओकच्या लाकडाचं, छातीएवढं, त्यांच्या आईच्या वेळचं. मित्रोवदान, म्हणजे नोव्हेंबरातला एका संताचा दिवस, झाला की त्यात कोबीचे अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात आंबत घालायचे, वर दगड ठेवायचे. त्यानंतर वसंतापर्यंत पिंप कोणी हलवत नाही. हललं की पाणी बुळबुळीत होतं, पानं मऊ पडतात, त्या पानांत खिमा गुंडाळून केलेली सणाची सारमा फाटते. आमच्या गावात भिंती पाडून घरं वाढवली आहेत लोकांनी, पण भरलेलं पिंप हलवलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुकानाने बॉयलर पाठवायला उशीर केला, म्हणून राडिवोय आला तेव्हा पिंप भरून झालं होतं.

“कूम, गाळणी खालच्या नळावर,” मी म्हटलं. “पिंपामागे.”

“पिंपामागे शिरायला मी उंदीर आहे का?”

“सरकवू या की. चार जण लावले तर हातभर सरकेल.”

“मी मेल्यावर सरकवा,” सासूबाई दारातून म्हणाल्या. “तोवर माझ्या पिंपाला कोणी बोट लावायचं नाही.”

राडिवोयने फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मूल सोन्याचं घड्याळ मागतंय. “कूमा, तू दूध गाळतेस ते पिण्याआधी की प्यायल्यानंतर?”

सगळे हसले. स्वेता सगळ्यांत मोठ्याने.

“पिण्याआधीच ना? मग पाणी घरात जाण्याआधी गाळायचं. बॉयलरच्या तोंडाशी. साधी गोष्ट.”

“पण घाण बॉयलरमधून येत नाही, घरातून येते. रेडिएटर मी धुतलेत. तुम्ही धुतलेत का?”

“विदा!” माझं नाव घेऊन स्वेता दरडावला.

राडिवोयने गाळणी बॉयलरच्या डोक्यावर, गरम नळावर, डोळ्यांच्या उंचीला बसवली आणि बाहीने घासून लखलखीत केली. तोट्या लावल्या नाहीत. “बंद कोणासाठी करायचंय?” तो म्हणाला. आणि वर माळ्यावरच्या उघड्या टाकीकडे जाणारा नळ फुटत होता तो गाळणीच्याही वर. पाणी उकळलं तर फुगलेलं पाणी आणि वाफ त्या टाकीत जायची. त्या एकुलत्या एक सरळ वाटेत त्याने जाळी बसवली होती.

“वाफ झाली तर ती या जाळीतूनच वर जाणार ना?” मी विचारलं.

“मी जोडलेल्या नळांत वाफ होत नाही.”

“इंजिनं कशावर चालतात मग, कूम? कॉफीवर?”

या वेळी कोणी हसलं नाही. स्वेताने मला कोपराला धरून अंगणात नेलं.

“कूम आहे तो!”

“भिंतीपलीकडे माझे बाबा आहेत. त्यांना उठून पळता येत नाही.”

“महिन्या-दोन महिन्यांत संत योवानचा दिवस. आपल्या घराचा संत, आणि सगळ्या कूमांचाही तोच. त्या दिवशी राडिवोय टेबलाच्या टोकाशी बसणार. त्याला तोंडावर सांगू, तुझं काम चुकलं? मग मेणबत्ती कोणत्या तोंडाने लावू?”

“नाहीतर बाबांना दुसऱ्या खोलीत हलव.”

“कोणत्या? पाहुण्यांची खोली? आई ऐकेल?”

सासूबाईंनी ऐकलं नाहीच. अंगणापलीकडची उन्हाळ्यात स्वयंपाक करायची खोली रिकामी आहे म्हणाल्या, तिथे ठेव. जिथे भिंतींवर बर्फाची फुलं धरत तिथे, लकवा झालेल्या माणसाला. मी त्या दिवशी इतकी कणीक तिंबली की पाव दगडासारखा झाला.

पहिले काही आठवडे घर खरंच उबदार होतं. खोटं कशाला बोलू? आमची मुलगी ल्युबित्सा अनवाणी धावायची. बाबांच्या गालावर रंग आला. ते डावा तळवा भिंतीला लावून ठेवायचे, मांजर उन्हात बसतं तशा चेहऱ्याने. मग लांबच्या खोल्यांतले रेडिएटर कोमट पडायला लागले. बॉयलर मात्र तापायचा, आणि पहाटे नळात कोणी नखाने टकटक केल्यासारखा आवाज यायचा. विस्तव मी घालायचे, राख मी काढायचे, म्हणून मला दिसत होतं. स्वेताला सांगितलं की तो जाऊन गाळणीवर टिचकी मारायचा. राडिवोय यायचा, कॉफी प्यायचा, म्हणायचा, “हवा अडकलीय, हवा काढ.” मी रेडिएटरची किल्ली फिरवायचे. हवा नाही. काळं पाणी.

आला संत योवानचा दिवस. आमच्या स्लावाला, म्हणजे घरच्या संताच्या सणाला, बोलावणं नसतं, ज्याला यायचं तो येतो आणि दाराशी कोणी अडत नाही. घरधनी दिवसभर उभा. तो खाली बसत नाही, सगळ्यांचे पेले भरतो. स्वेता नव्या सुटात, ताठ. टेबलावर सणाचा पाव, जाड मेणबत्ती, उकडून साखर-अक्रोडात घोळलेला गहू. टोकाशी राडिवोय. बाहेर श्वास मिशांवर गोठत होता, म्हणून सासूबाईंनी फर्मान काढलं, “आज माझ्या घरात कोणी थंडी म्हणता कामा नये.” राडिवोय उठला, चार पाहुणे घेऊन पडवीत गेला, त्यांना पितळी गाळणी दाखवली आणि बॉयलर गळ्यापर्यंत कोळशाने भरला. मला स्वयंपाकघरात त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

मी सारमा वाढत होते. पहिला दणका बसला तेव्हा मांडणीवरच्या बश्या वाजल्या. दुसऱ्याला पाहुण्यांचं बोलणं थांबलं. तिसऱ्यानंतर बाबांच्या खोलीतून आवाज आला. त्यांना हाक मारता येत नव्हती, ते डाव्या हाताने पलंगाची कड बडवत होते.

मी आधी पडवीत पाहिलं. बॉयलरचा काटा जिथपर्यंत आकडे होते त्याच्या पलीकडे गेला होता. नळ थरथरत होता. गाळणीच्या झाकणातून सूं सूं वाफ निघत होती. माझ्यामागून राडिवोय आला, हातात पाना, तोंड लाल.

“काही नाही, जाळी भरलीय. झाकण उघडून साफ करतो.”

“उघडू नका! आत उकळतंय. आधी विस्तव काढू.”

“बाजूला हो, कूमा.”

“स्वेता, त्यांना धर! भाजतील ते!”

स्वेता दारात होता, हातात वाइनची सुरई. पाहुणे त्याच्या खांद्यावरून पाहत होते. तो मला म्हणाला, “कूमाला कळतं.”

हे दोन शब्द मी आयुष्यभर गिळलेले नाहीत.

मी बाबांकडे पळाले. त्यांना गोधडीसकट पलंगावरून ओढलं, फरशीवरून तसंच फरफटत नेलं. त्यांचं डोकं माझ्या पोटाला टेकलं होतं, डोळे उघडे. उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आले आणि मागे किंकाळी ऐकू आली. झाकण सुटलं होतं. काळं उकळतं पाणी राडिवोयच्या हातावर आणि मानेवर आलं होतं. बाबांच्या खोलीचं पडवीकडचं दार उघडंच होतं. पडवीतून वाफ आत गेली, आणि त्यांचा रिकामा पलंग दिसेनासा झाला.

पाहुण्यांनी राडिवोयला बाहेर नेलं. कोणीतरी गाडी काढली, दवाखान्यात न्यायला. उरलेले सुटाबुटातले पुरुष पडवीच्या दाराशी उभे. जणू अस्वलाचा खेळ चाललाय.

“उभे काय राहिलात?” मी ओरडले. “फावडी घ्या! पाणी टाकू नका त्यावर, विस्तव बाहेर काढा!”

कोणी हललं नाही. मी फावडं घेतलं आणि निखारे ओढून अंगणातल्या बर्फावर फेकायला लागले. माझा सणाचा झगा होता, निळा, माझ्या आईचा. त्याला भोकं पडली. निखारे बर्फात चरचरत खाली जात होते. तेव्हा कुठे दोन माणसं पुढे आली.

बॉयलर शांत झाला. मी आत आले, तोंडावर काजळी. सासूबाई स्वयंपाकघराच्या मधोमध, पायाशी गोधडीत माझे वडील. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “स्लावाच्या दिवशी या घरात कूमाला इजा! माझ्या सासऱ्यांपासून कधी झालं नाही. घरात पांगळा आणून ठेवला की घराचं असंच होतं.”

बाबांना बोलता येत नव्हतं. ऐकू सगळं येत होतं.

मी बाह्या वर केल्या. कोठीत गेले. पिंपावरचे दगड उचलून बाजूला ठेवले, फळी काढली आणि खाऱ्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून कोबीचे गड्डे काढायला लागले. पहिला धुण्याच्या टबात. दुसरा टबात. सासूबाईंनी माझा दंड धरला.

“वेड लागलंय का तुला? पाहुणे बघताहेत!”

“बघू देत. आई, हात सोडा. नाहीतर तुम्हालाही टबात घालीन.”

त्यांनी सोडला. पाहुणे टोप्या शोधायला लागले. स्वेता आला. मला वाटलं, आता हा मला ओढून बाहेर काढणार.

“स्वेता,” मी गड्डे काढत काढत म्हटलं, “आज ही जागा मोकळी होणार. गाळणी इथे बसणार, परतीच्या नळावर, तोट्यांसकट. तोवर बॉयलर पेटायचा नाही. आणि ‘कूम काय म्हणेल’ असं एकदा जरी म्हणालास, तरी बाबांना घसरगाडीवर घालते आणि ल्युबित्साला घेऊन माझ्या गावी जाते. मग पिंप आणि कूम दोन्ही तुला ठेव.”

शेजारच्या खोलीत मेणबत्ती जळत होती, टेबलावर अर्धे पेले. मग त्याने सुटाचा कोट काढला, खिळ्याला अडकवला आणि पिंपात हात घातला. दोघांनी मिळून ते रिकामं केलं. खारं पाणी निखाऱ्यांनी भाजलेल्या माझ्या बोटांना झोंबत होतं आणि मला बरं वाटत होतं.

पुढचे दिवस आम्ही पुन्हा सगळे त्या एका शेगडीभोवती, बाबा मधोमध. कारखान्यातल्या एका जोडीदाराला घेऊन स्वेताने नळ कापला. बॉयलरवरचा नळ टाकीपर्यंत सरळ मोकळा केला, गाळणी कोठीत भिंतीजवळ बसवली. बाण बॉयलरकडे, पोट जमिनीकडे. तोट्या आणायला मीच सोम्बोरला गेले. बॉयलर पेटवून आठवडा झाल्यावर स्वेताने तोट्या बंद केल्या, झाकण फिरवलं. हातात जाळी आली ती काळ्या चिखलाने गच्च भरलेली, कॉफीच्या गाळासारखी. त्याने ती पाहिली. मी त्याच्या बाजूला उभी राहून तो काय म्हणतो त्याची वाट पाहत होते. त्याने नळाखाली जाळी धुतली, बसवली, तोट्या उघडल्या आणि कारखान्यात निघून गेला.

राडिवोयचा हात बरा झाला, दोन बोटं वाकडी राहिली. दुकानाने सदोष माल दिला, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. दर संत योवानला तो टेबलाच्या टोकाशीच बसला, आणि मी त्याला वाढलं. गावात अजूनही कोणी म्हातारं ती गोष्ट सांगतं, पण ती सुनेने स्लावाला सासूचा कोबी नासवला त्याची असते.

सासूबाईंनी पुढच्या शरदात प्लास्टिकचं पिंप आणलं आणि अंगणातल्या छपरात ठेवलं. माझ्याशी बोलायला त्यांनी दोन वर्षं लावली, आणि बोलल्या त्या मिठाबद्दल. नंतर त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा बाबांच्याच खोलीत मी त्यांचं सगळं केलं. ल्युबित्सा नोव्ही सादला असते. तिच्याकडे गॅसवर घर तापतं, आणि जाळी कुठे असते हे तिला माहीत नाही. स्वेता गेला त्याला बारा वर्षं झाली. दर शरदात कोठीत गुडघ्यांवर बसून तो स्वतः ती जाळी धुवायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. मी चुकलो, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. लोक म्हणतात, जाळी धुणं म्हणजे तेच. नाही. ते तेच नाही.

बाबा आणखी एक हिवाळा जगले. त्याच खोलीत, त्याच भिंतीशी, तळवा तिला लावून. आलुबुखाऱ्याला फुलं आली त्या आठवड्यात ते गेले. भिंत तेव्हा कोमट होती.